एक समोरून, एक बाजूने

माझी मावशी माझ्या आईवर जळते. आमच्या घरात हे कुणी उघड म्हणत नाही, पण माहीत सगळ्यांना आहे, आणि मावशीला स्वतःला तर सगळ्यात आधीपासून. लहानपणी आईच्या वेण्या लांब म्हणून जळायची, कॉलेजात आईला मैत्रिणी जास्त म्हणून जळायची. मधली बरीच वर्षं संसाराच्या रगाड्यात दोघींना फुरसत नव्हती, तेवढी शांततेत गेली. मग बाबा गेले. आई एकटी पडली आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा डोंगर बघितलेले बरे, असं म्हणून फिरायला लागली. फिरता फिरता व्हिडिओ काढायला लागली. तिथून मावशीच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं.

आईचे व्हिडिओ मी बघितलेत म्हणून सांगते, त्यांत काही दम नाही. हात हलतो, निम्म्या वेळी बोट भिंगावर असतं. धबधबा दाखवायला म्हणून कॅमेरा वळवते आणि बोलण्याच्या नादात शेजारच्या कचऱ्याच्या डब्यावर धरून ठेवते. पण बोलते झकास. बसमधल्या बाईची सून, हॉटेलातली गळकी तोटी, जे सुचेल ते. आणि प्रत्येक व्हिडिओत एकदा तरी कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणते, "भावोजी, बघताय ना? हे खास तुमच्यासाठी."

भावोजी म्हणजे मावशीचे यजमान, आमचे काका. शाळेत खेळाचे मास्तर होते. आयुष्यभर मुलांना मैदानाभोवती पळवलं आणि शेवटी स्वतःचेच गुडघे गेले. आता खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, फोन पोटावर उभा करतात आणि मेहुणीचे व्हिडिओ बघत पोट धरून हसतात. फोनही त्या हसण्याबरोबर वरखाली होत असतो. मावशी स्वयंपाकघरात असली की भांडी जरा जास्तच आपटतात.

मावशी इस्पितळात एक्स-रे काढते. तळमजल्यावर जाड दाराच्या आत बिनखिडकीची खोली आहे. मधे टेबल, भिंतीला टांगलेले शिशाचे जड एप्रन, कोपऱ्यात काचेमागे तिची उभं राहायची जागा. माणसाला टेबलावर नीट झोपवायचं, काचेमागे जायचं, "श्वास रोखा, हलू नका" म्हणायचं, बटण दाबायचं, "सोडा" म्हणायचं. मग त्याला कुशीवर वळवायचं आणि पुन्हा तेच. एक समोरून, एक बाजूने. नुसत्या एका फोटोवर तिचा विश्वास नाही. समोरून धडधाकट दिसणारं हाड बाजूने बघितलं की मोडलेलं निघतं, असं ती म्हणते. हे तिच्या अंगात इतकं मुरलंय की साधं कलिंगड घेतानाही आधी समोरून बघते, मग वळवून बाजूने बघते. आणि पेशंटला श्वास रोखायला सांगितला की काचेमागे ती स्वतःही रोखते. इतक्या वर्षांत ही सवय सुटली नाही.

काकांशी लग्नही त्याच टेबलावर जमलं. तरुणपणी खांद्याचं हाड मोडून घेऊन आले होते. ती म्हणाली हलू नका, तर हा माणूस खरोखरच हलला नाही, नुसता तिच्याकडे बघत राहिला. "सोडा" म्हटल्यावरही श्वास सोडायचं त्याच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला तेव्हा काहीच मोडलेलं नव्हतं. मावशी हे सांगताना अजून लाजते आणि मग लगेच चिडते, कारण तो माणूस आणि खिडकीजवळचा माणूस एकच आहे हे तिला पटत नाही.

ठिणगी पडली ती एका संध्याकाळी. त्या दिवशी इस्पितळात मनगट दाखवायला एक गृहस्थ आले होते. ते निघाले काकांचे विद्यार्थी. पळण्याच्या शर्यतीत सरांनी आपल्याला कसं तयार केलं, सरांचा ओरडा कसा होता, हे ते मनगट टेबलावर ठेवून भरभरून सांगत बसले. मावशीला कधी एकदा घरी जाते आणि हे सांगते असं झालं. चपला काढतानाच तिने सुरुवात केली, "अहो, आज कोण आलं होतं माहितेय?" काकांनी फोनवरची नजर न काढता नुसता हात वर केला आणि म्हणाले, "थांब गं जरा, हे संपू दे." फोनमधून माझी आई कुठल्याशा तलावाकाठी भावोजींना हाका मारत होती.

मावशी थांबली. व्हिडिओ संपला, पुढचा सुरू झाला. तिने ती गोष्ट काकांना आजतागायत सांगितलेली नाही. मला सांगितली, आणि सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिच्या मते ते रागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिचा मला फोन. म्हणाली, कॅमेरा घ्यायचाय, फिरण्याचे व्हिडिओ काढायचा, धाकटीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, आहे त्याच्यापेक्षा चांगला. मी विचारलं, फिरायला कुठे निघालीस? तर म्हणाली, ते नंतर बघू, आधी कॅमेरा.

घरात ज्याला फोनची सेटिंगं बदलता येतात त्याच्या गळ्यात अशी कामं पडतात, म्हणून मी गेले. दुकानात काउंटरवर एक पोक्त गृहस्थ होते, शांत, सगळ्यांशी सारखंच अदबीने बोलणारे. त्यांनी रीतसर विचारायला सुरुवात केली. चालता चालता काढणार की उभं राहून? पाण्यात नेणार का? ओझं झेपेल का? मावशी नुसती हं हं करत काचेखालचे कॅमेरे न्याहाळत होती. शेवटी त्यांनी विचारलं, व्हिडिओ बघणार कोण, म्हणजे इंटरनेटवर टाकायचेत की घरीच?

"एकच माणूस बघणार आहे," मावशी म्हणाली. "त्याने दुसऱ्या कुणाचं बघायला नको, असा द्या."

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

त्यांनी आधी मुठीत मावणारा काढला. हा हेल्मेटवर लावून लोक डोंगर उतरतात, पाण्यात बुडाला तरी काही होत नाही, म्हणाले. मावशीने विचारलं, मी काय खाणीत उतरणार आहे का? मग त्यांनी दांडीवरचा दाखवला. त्याचं डोकं आपोआप सरळ राहतं, हात कितीही हलला तरी चित्र हलत नाही. मला तो मनापासून आवडला. हलका, पर्समध्ये मावणारा, चालता चालता काढता येईल असा. पण मावशीला ते बोलणं झोंबलं. माझा हात हलत नाही, असं तिने त्यांना थंडपणे सांगितलं.

मग तिचं लक्ष वरच्या फळीवरच्या मोठ्या कॅमेऱ्याकडे गेलं. काळा, जाडजूड, भिंग बदलता येणारा. गृहस्थांनी आढेवेढे घेतले. हा वजनदार आहे, दोन्ही हात लागतात, प्रवासात लोक कंटाळतात. मावशीने तो उचलला, दोन्ही हातांत तोलला आणि त्यांनाच म्हणाली, तिथे उभे राहा बघू. ते राहिले. "श्वास रोखा. हलू नका." इस्पितळातल्या त्या आवाजापुढे भलेभले गप्प होतात, हे बिचारे काय करणार? मग तिने त्यांना बाजूला वळायला लावलं आणि पुन्हा काढलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माना वळवून बघत होती. मावशी पडद्यात डोकं घालून बसली आणि "सोडा" म्हणायला विसरली. ते तसेच उभे, तोंड लाल व्हायला लागलेलं. शेवटी मीच म्हटलं, सोडा हो.

पडद्यावर त्यांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. मावशीने एकच विचारलं, माझ्या बहिणीच्या कॅमेऱ्यापेक्षा हा भारी का? आईच्या कॅमेऱ्याचं नाव मी सांगितलं. त्यावर ते समजावू लागले की तसं सांगता येत नाही, दोन्हींचं काम वेगळं, कशासाठी घेतो त्यावर असतं. मावशी म्हणाली, हो की नाही एवढं सांगा. ते म्हणाले, हो. मावशी म्हणाली, बांधा.

आईला कळलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, मला सांगायचं, माझा जुना देऊन टाकला असता. हा निरोप मी पोचवला नाही. मला घरात आग लावायची हौस नाही.

आता कॅमेरा घेतला म्हटल्यावर कुठेतरी जाणं भाग होतं. बायकापुरुषांची मिळून एक बसची सहल होती, डोंगर, तलाव, दीपगृह अशी. मावशीने साठलेली रजा टाकली. काकांना सांगितलं तेव्हा तिची अपेक्षा होती की ते नको म्हणतील, निदान एकटी कशी जाशील एवढं तरी विचारतील. काका म्हणाले, जा की, मला कुठे चढायला जमतंय. मग जरा विचार करून म्हणाले, माझ्या डब्याचं कसं करायचं?

डब्याचं माझ्याकडे आलं. मी रोज संध्याकाळी जायची. काका खुर्चीत, फोन पोटावर, फोनमध्ये माझी आई. मावशीचा फोन आला होता का म्हणून विचारलं तर पोचली म्हणाली, एवढंच. तुम्हाला करमतं का हो तिच्याशिवाय, असं मी चिडून विचारलं. "घर शांत आहे," काका म्हणाले आणि डबा उघडला. तो डबा त्यांच्या हातातून काढून परत घरी न्यावा असं मला वाटलं होतं, पण मावशीने बजावून ठेवलं होतं.

ती आली त्या रविवारी आम्ही सगळे जमलो. आईलाही मुद्दाम बोलावलं होतं, कारण नुसतं जिंकून मावशीचं भागणार नव्हतं, आईने ते बघायलाही हवं होतं. मावशीने स्वतः टीव्हीला वायर जोडली. नवी साडी नेसली होती. काकांची खुर्ची खिडकीपासून हलवून टीव्हीच्या बरोबर समोर आणली आणि स्वतः त्यांच्या मागे उभी राहिली, इस्पितळात काचेमागे राहते तशी.

पहिला व्हिडिओ लागला. दीपगृह. मावशीचा आवाज आला, "समोरून." मग काही नाही. दीपगृह उभं, कॅमेरा गप्प. चित्र असं लख्ख की भिंतीवरचा रंगाचा पोपडा मोजता यावा. पण हलत काहीच नव्हतं. मग आवाज आला, "बाजूने," आणि तेच दीपगृह बाजूने. पुढे तलाव समोरून, तलाव बाजूने. पुढे बसमधली माणसं ओळीत उभी, छाती फुगवून, गाल फुगवून. सगळ्यांनी श्वास रोखलाय हे स्पष्ट दिसत होतं. एका आजोबांचे डोळे बाहेर यायला लागले तेव्हा कुठे "सोडा" ऐकू आलं. मग सगळे एका बाजूला वळले.

आईने तोंडावर पदर धरला, तरी खांदे हलत होतेच. शेवटी न राहवून म्हणाली, "ताई, काहीतरी बोल ना गं मधेमधे."

"बोललं की हात हलतो," मावशी म्हणाली.

मी काकांकडे बघत होते. त्यांनी एक जांभई दिली. डोंगर समोरून झाला तेव्हा खुर्चीत जरा घसरले. डोंगर बाजूने सुरू झाला तेव्हा त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि त्यांनी फोन बाहेर काढला. मावशीने ते मागून पाहिलं. तिचा चेहरा असा पडला की मला टीव्ही बंद करून टाकावासा वाटला. एवढा पैसा, एवढी रजा, एवढं ओझं वाहून आणलं, आणि नवऱ्याची नजर पुन्हा हातातल्या फोनवर.

टीव्हीवर आता धबधबा लागला होता. समोरून. मावशी नेहमीप्रमाणे श्वास रोखून उभी असणार, कारण तिच्याकडून हूं की चूं नव्हतं. पाणी पडत होतं. आणि त्या पाण्याच्या आवाजात अगदी जवळून एक पुरुषाचा आवाज आला, जाडसर, समजूतदार.

"बाई, मागे या. पाय घसरेल. असं करा, माझा हात धरा."

चित्र हललं. सगळ्या सहलीत पहिल्यांदाच हललं. आकाश, दगड, कुणाची तरी बाही, पुन्हा आकाश. आणि मग मावशी हसली. टीव्हीतली मावशी. असं हसू मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

काकांनी फोन मांडीवर ठेवला.

"मागे घे जरा," ते मला म्हणाले.

मी मागे घेतलं. पुन्हा पाणी, पुन्हा तो आवाज, पुन्हा ते हसणं. काका सरळ होऊन बसले.

"कोण हा?"

"होते सोबत," मावशी मागून म्हणाली.

"सोबत म्हणजे?"

"सोबत म्हणजे बसमध्ये."

काकांनी मला आधीचं सगळं पुन्हा लावायला सांगितलं. पहिल्या वेळी कुणी कान देऊन ऐकलंच नव्हतं, आता ऐकलं तर तो आवाज जागोजागी होता. दीपगृहाच्या पायरीशी, "बाई, सावकाश." तलावाकाठी, "तुमचा चहा निवतोय बाई." मावशी बोलत नव्हती म्हणूनच तो इतका स्वच्छ आला होता. माणूस मात्र कुठे दिसेना. ओळीत उभ्या असलेल्या लोकांचे चेहरे काका एकेक करून तपासत होते. हा का, तो का, हा टोपीवाला? मावशी प्रत्येकाला नाही म्हणत होती, आणि प्रत्येक नाहीबरोबर तिच्या चेहऱ्यावर थोडी थोडी कळा येत होती.

"बाजूने काढलेला लाव," काका म्हणाले. ज्यांनी मघाशी डोंगरावर जांभई दिली होती, ते आता बाजूने मागत होते. तलाव बाजूने लावला. त्यातही तो नव्हता. फक्त खाली कडेला, पाण्याजवळच्या वाळूत, दोन सावल्या पडल्या होत्या. एक कॅमेरा धरलेली, एक शेजारी.

आईचं हसू कधीच थांबलं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत टीव्हीकडे बघत होती. माझा हात धरा असं तिला कुणी म्हणून बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्या एवढ्या व्हिडिओंमध्ये तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता. मला तिचं वाईट वाटलं. तिला आणि मावशीला एकाच वेळी बरं वाटेल असा दिवस मी अजून पाहिलेला नाही.

मावशी चहा टाकायला म्हणून आत गेली. मी मागोमाग गेले आणि दार लोटून विचारलं, कोण गं हा?

"बसचा ड्रायव्हर," ती पातेल्यात पाणी ओतत म्हणाली. वयाने काकांपेक्षाही मोठे होते. सगळ्यांना सांभाळून उतरवायचे, सगळ्यांना हात द्यायचे, आजोबांनासुद्धा. मावशीचे दोन्ही हात त्या धोंड्यासारख्या कॅमेऱ्यात अडकलेले, म्हणून तिच्याजवळ जास्त थांबायचे, इतकंच. हसू कशाचं आलं? तर तिने श्वास रोखलेला होता, आणि घसरली तेव्हा तो एकदम सुटला.

मला हायसं वाटलं. म्हटलं, मग सांगून टाक ना काकांना. बाहेर ते रिमोट घेऊन बसलेत, आई पण बघतेय, उगाच कशाला?

मावशीने गॅस बारीक केला.

"सांगितलं की तो निर्धास्त होईल," ती म्हणाली. "निर्धास्त झाला की फोन बघेल. मला तो निर्धास्त नकोय गं. इतकी वर्षं होताच."

बाहेरून पुन्हा धबधब्याचा आवाज आला, आणि बाई, मागे या. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. काका खुर्चीतून कुणाच्या आधाराशिवाय उठत नाहीत, चहाही हातात लागतो. पण पावलं ऐकू आली, एक जड, एक त्याहून जड, मधे भिंतीला टेकलेला हात. दार उघडलं. चौकटीला धरून ते उभे राहिले, दम लागलेला, आणि मी तिथे आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते मावशीकडे बघत होते.

"वय काय असेल गं त्याचं, साधारण?" त्यांनी विचारलं.

मावशीने चहात साखर घातली. ढवळली. चमचा झटकून ओट्यावर ठेवला.

"वय नाही विचारलं हो मी," ती म्हणाली. "हात घट्ट होता, एवढं आठवतंय."

काका तिथेच उभे राहिले. गुडघे थरथरत होते तरी बसा म्हणून तिने सांगितलं नाही, आणि तेही बसायला गेले नाहीत.